मठाच्या शाळेचा पट

त्या वर्षी हस्ताचा पाऊस उशिरा आला आणि आल्यावर तीन दिवस थांबलाच नाही. रानात पेरण्याजोगा वापसा व्हायला दसरा उलटला. ओल उडायच्या आत ज्वारी पेरून व्हायला हवी होती, म्हणून उत्तरेश्वर दिवस उगवायच्या आधीच पेरायची पाभर जुंपून मठाच्या रानात उतरला होता. बैलांची एकच जोडी आणि त्यातल्या डाव्याचा खांदा सुजलेला. चार ओळी झाल्या की थांबून तो बैलाच्या खांद्यावर हात फिरवायचा आणि पुन्हा बी सोडायच्या चाड्यावर मूठ धरायचा. मागून त्याची बायको सत्यभामा मोघणाच्या नळीतून करडईचं बी टाकत चालली होती. पायाखालची काळी माती वहाणेएवढी जाड होऊन तळव्याला चिकटत होती.

उन्हं अंगावर आली तेव्हा बांधावरून त्यांची लेक मथुरा येताना दिसली. काखेत पाटी. शाळा सुटायला अजून बराच वेळ होता. सत्यभामानं हातातली ओळ सोडली नाही. पोर जवळ आल्यावर चालता चालताच तिनं विचारलं.

मथुरानं सांगितलं की मास्तरांनी सोळा पोरांना उभं केलं आणि पाटी घेऊन घरी जा म्हणाले. ज्यांच्या गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग नाही, ती सगळी. ती रडत नव्हती. पाटी तिनं बाभळीच्या खोडाला टेकवून ठेवली आणि आईच्या मागं मागं उघडं पडलेलं बी पायानं झाकत निघाली.

होसवाडीची ती शाळा मठाची होती. सास्तूरकडच्या रस्त्याला गाव, अर्ध्या घरांत मराठी आणि अर्ध्या घरांत कानडी. सरकारी मदरसा पाच कोसांवर, आणि तिथं सगळं शिक्षण उर्दूत. मठाच्या स्वामींनी, म्हणजे गावाच्या अप्पांनी, वीस वर्षांपूर्वी खटपट करून खानगी, म्हणजे खाजगी, शाळेची परवानगी मिळवली, ओसरीवर पोरं बसवली आणि सिद्धलिंग मास्तरांना ठेवून घेतलं. मठाचं रान उत्तरेश्वर बटईनं, पिकाच्या वाट्यावर, करायचा, त्याच्या बापानंही तेच केलं होतं. त्या रानातली ज्वारी मास्तरांच्या ताटात आणि जत्रेच्या पंगतीत जायची. आजवर लिंगायताची, मराठ्याची, धनगराची, कोष्ट्याची, जी येतील ती पोरं ओसरीवर बसत. पण स्वामी थकले. त्यांचे गुडघे धरले, ते आतल्या खोलीतून फक्त सोमवारी बाहेर येत. मठाचा कारभार कापडाचं दुकान चालवणाऱ्या वीरप्पा शेटजींकडे गेला. त्यांनी ओसरीपुढं स्वतःच्या पदरचे अकरा पत्रे घालून सोपा वाढवला आणि दसऱ्यानंतर हुकूम केला की शाळा लिंगपूजेनं सुरू होईल आणि पूजा ज्याला नाही त्याला शाळा नाही.

पेरा संपायला आणखी तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी उत्तरेश्वर अंघोळ करून, धुतलेला पटका बांधून वीरप्पांच्या दुकानाकडं गेला. महायुद्ध चालू होतं, कापड मोजून मिळत होतं, दुकानापुढं गर्दी होती. तो पायरीच्या खाली उभा राहिला. शेटजींनी त्याला पाहिलं आणि कापड फाडत राहिले. गर्दी सरेपर्यंत तो उभाच होता. उन्हात त्याच्या मानेवरून घाम वाहून अंगरख्यात गेला. शेवटी वीरप्पांनी गज बाजूला ठेवून मान वर केली.

वीरप्पा वाईट माणूस नव्हते. ते शांतपणे बोलले. त्यांचा थोरला नातू दोन वर्षं तालुक्याला मदरशात होता. परत आला तेव्हा त्याला लिंग कोणत्या हातावर घ्यायचं तेही आठवेना, विभूती लावायची त्याला लाज वाटायला लागली होती. राज्य आपलं नाही, कचेरीची भाषा आपली नाही, मग धर्म शिकवायला एवढी एकच जागा उरली, तीही सोडायची का, असं त्यांनी विचारलं. उत्तरेश्वरला त्यात खोटं काही दिसलं नाही.

"मी कुणाला हाकललं न्हाय," वीरप्पा म्हणाले. "तुझ्या पोरीला लिंग बांधून घे. अप्पा बांधतील. गळ्यातल्या कवड्या तेवढ्या काढ. मग ती आमचीच झाली. आन् रानाचंबी काय चिंता करायला नको."

रानाचं त्यांनी शेवटी, सहज म्हणावं तसं काढलं. परतताना उत्तरेश्वरच्या डोक्यात तेवढंच घुमत राहिलं.

घरी त्यानं सांगितलं तेव्हा त्याची आई धुरपताबाई जात्यापुढं बसली होती. तिनं खुंटा सोडला. मथुराच्या आधी सत्यभामाची तीन लेकरं गेली होती, एकही वर्षाचं झालं नव्हतं. चौथ्या वेळी धुरपताबाईनं तुळजापूरला जाऊन भवानीपुढं पदर पसरला, आणि पोर जगली तेव्हा पाच कवड्यांची माळ तिच्या गळ्यात घातली. नऊ वर्षांत ती माळ एकदाही निघाली नव्हती. दोरा कुजला की जुना काढायच्या आधी नवा गळ्यात पडायचा.

"त्यांचा देव वाईट हाय आसं म्या म्हनत न्हाय," धुरपताबाई म्हणाली. "जत्रंत म्या सोता पाया पडते. पन एकीचं देनं काढून दुसऱ्याचं बांधायचं म्हंजे पोर काय बाजारातली हाय का?"

उत्तरेश्वर म्हणाला की रान गेलं तर कवड्या खायच्या का. धुरपताबाईनं पुन्हा खुंटा धरला आणि जातं जोरात फिरवलं. सत्यभामानं मथुराला विचारलं. मथुरा म्हणाली, दोन्ही घालीन की. कुणी हसलं नाही.

त्यानंतर त्या घरात कुणी शाळेचं नाव काढलं नाही. कामं होती. कोळपणी झाली, तुरीच्या शेंगांना पाखरं बसायला लागली तेव्हा मथुरा गोफण घेऊन माळ्यावर उभी राहू लागली. सोळांपैकी दोन पोरं गुरांमागं गेली, कोष्ट्याचं पोर मागावर बसलं. धनगरांनी आपली पोरं मेंढरांबरोबर खाली बार्शीकडं धाडली. शाळेतून हाकललेलं पोर म्हणून पाणवठ्यावर कुणी टोचून बोलत नव्हतं, पण लिंगायतांच्या घरची पोरं मथुराला आडवी आली की आपला गळा चाचपायची. तिनं एकदा तेच केलं, आपल्या कवड्या चाचपल्या. मग ती पोरं गोंधळली.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी सत्यभामा रानातून घरी आली. मांजरापासून जपायला म्हणून सासूनं दुधाच्या गाडग्यावर पाटी झाकली होती. सत्यभामानं ती उचलली. खालच्या बाजूला वाफेचा पांढरा गोल उठला होता आणि त्याच्या आत मथुराच्या हातची सतराची उजळणी अर्धी पुसलेली होती. सतरा साती एकोणीसशे असं काहीतरी चुकून लिहिलेलं आणि खोडून पुन्हा बरोबर केलेलं. सत्यभामाला वाचता येत नव्हतं. खोडल्याची रेघ तेवढी तिला कळली. तिनं पाटी पदरानं पुसून उतरंडीवर ठेवली, गाडग्यावर मातीचा परळ झाकला आणि तशीच, पायाची माती न धुता, मठाकडं गेली.

सिद्धलिंग मास्तर ओसरीच्या कडेला जेवून हात धूत होते. पन्नाशीचा, खांदे पडलेला माणूस. सत्यभामा खांबाआड उभी राहून बोलली. मास्तरांनी खालमानेनं ऐकून घेतलं. ते म्हणाले की मला चूक वाटतं, पण मी मठाचं खातो. पौषाच्या शेवटी तालीमातीच्या, म्हणजे शिक्षणखात्याच्या, कचेरीतून साहेब येणार आहेत, परवानगी पुन्हा मिळायची आहे, छत आणि पट दोन्ही बघतील, अशा वेळी शेटजींशी वाकडं कसं घ्यायचं.

"अप्पा काय म्हनले?" सत्यभामानं विचारलं.

मास्तरांनी तांब्या खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं की अप्पांना ठाऊकच नाही. त्यांना पूजेचं तेवढं सांगितलंय. पोरं काढल्याचं कुणी बोललं नाही, आणि शेटजींच्या डोक्यावरून जाऊन कागाळी केलीस तर रान पहिल्यांदा तुझं जाईल.

"कागाळी न्हाय करायची," ती म्हणाली. "लिंग मागाया तर कुनी आडवत न्हाय न्हवं?"

मास्तरांनी पहिल्यांदाच तिच्याकडं नीट पाहिलं.

तिनं घरी येऊन सांगितलं की पोरीला लिंग बांधून घेऊ. उत्तरेश्वरचा जीव भांड्यात पडला. तो लगेच जाऊन दुकानात सांगून आला, आणि वीरप्पांना मनापासून आनंद झाला. लिंग ठेवायची चांदीची डबी माझ्याकडून, असं ते म्हणाले. धुरपताबाईनं मात्र दोन दिवस सुनेशी तोंड उघडलं नाही. रविवारी दोघी तूर कापत होत्या. तुरीचे खुंट पायात घुसत होते, वारा गार होता. सत्यभामा विळा थांबवून म्हणाली,

"आत्याबाई, माळ म्या अजून काढली न्हाय. आन् मी काढनारबी न्हाय. अप्पांच्या म्होरं पोर तशीच उभी करनार. ते इचारतील. पोरगी खरं बोलंल. मग अप्पांना बांधायचं आसंल तर बांधू द्या."

"आन् बांधलं तर?"

सत्यभामानं कापलेली तूर पुढं ओढली. ती पुन्हा वाकली. तिनं बांधलेली पेंढी दोनदा सुटली. धुरपताबाईनं ती तिच्या हातातून घेतली आणि स्वतः बांधली.

अप्पा बाहेर येतात असा पौषातला एक सोमवार ठरला होता, तो उजाडला. सकाळीच मथुराला न्हाऊ घातलं, पोलकं नवं नव्हतं पण धुतलेलं होतं. वाटेत सत्यभामानं तिला एवढंच सांगितलं की अप्पा विचारतील ते खरं सांगायचं, माझ्याकडं बघायचं नाही. मठात चाळीसेक माणसं जमली होती. वीरप्पा पांढरं धोतर नेसून, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे लावून पुढं बसले होते. स्वामींना दोघांनी धरून बाहेर आणलं आणि व्याघ्राजिनावर बसवलं. त्यांचं अंग वाळून गेलं होतं, पण आवाज खणखणीत होता. ताम्हनात लिंग, विभूती, बेलाची पानं आणि ती चांदीची डबी.

स्वामींनी मथुराला जवळ बोलावलं. त्यांची नजर तिच्या गळ्यावर गेली.

"या कवड्या कुणाच्या?"

"भवानीच्या. आज्जीनं घातल्या."

"आन् लिंग कशाला पाहिजे बाळ तुला?"

वीरप्पा हसले, कारण असं विचारायची रीत होती आणि मूल काहीतरी पढवलेलं बोलतं. मथुरा म्हणाली,

"शाळंत बसाया."

स्वामींचा हात ताम्हनात गेला होता, तो तिथंच राहिला. "आन् शाळंत तसंच बसू दिलं तर?"

मथुराची मान आईकडं वळली, मग तिला सांगितलेलं आठवलं आणि तिनं मान सरळ केली. "तर नगं. माझ्यापाशी हाय देव."

स्वामींनी लिंग उचललं, कपाळाला लावलं आणि पुन्हा विभूतीत ठेवलं. लिंग नसलं तर शाळा नाही, हे कुणी सांगितलं, असं त्यांनी सगळ्यांकडं बघत विचारलं. मास्तर खांबाला टेकून उभे होते. त्यांनी मान खाली घातली. पण वीरप्पा उठून उभे राहिले. ते लपणारे नव्हते. मी सांगितलं, म्हणाले, आणि दुकानात जे उत्तरेश्वरला सांगितलं होतं ते सगळं त्यांनी पुन्हा मांडलं. नातवाचं सांगताना त्यांनी कपाळावरच्या विभूतीला हात लावला. बसलेल्यांपैकी पुष्कळांनी माना हलवल्या.

स्वामींनी पूर्ण ऐकून घेतलं.

"वीरप्पा, तुझं दुखणं खरं हाय," ते म्हणाले. "पन लिंग मागणाऱ्याला देतात. अडलेल्याला देत न्हाईत. उद्या ही पोर मोठी हुईल आन् म्हणंल, मला पाटीपायी बांधलं. मग त्या लिंगाची पूजा ती मनातनं करंल का? तू धर्म वाढवाया निघालास आन् त्याचं शाळेचं तिकीट केलंस. ज्या ज्वारीवर हा मठ चालतो ती हिच्या मायबापानं पिकवलेली. ती मठाला चालते, आन् पोर चालत न्हाय?"

वीरप्पा खाली बसले.

"पूजा पाहिजेच," स्वामी म्हणाले. "शाळेच्या घंटंआधी करा. मठात करा. ज्याला यायचं तो यील. घंटा झाली की पाटी. उद्यापासनं सगळी पोरं बसतील."

सत्यभामानं पोरीचा हात धरला आणि दंडवत घालायला वाकली.

दुपारी वीरप्पांचे दोन गडी शिडी घेऊन आले. अप्पांचा शब्द शाळेपुरता खरा, पत्रे माझे आहेत, असा निरोप त्यांनी मास्तरांना दिला आणि अकराच्या अकरा पत्रे उतरवून गाडीत घातले. वासेही वीरप्पांचे होते, तेही गेले. ओसरीवर तीस पोरंसुद्धा मावत नव्हती आणि पट आता साठाच्या जवळ जाणार होता. लढाईच्या दिवसांत नवा पत्रा सोलापुरात सुद्धा मिळत नव्हता. साहेब यायला नऊ दिवस होते, आणि छत नाही म्हटल्यावर ते परवानगी देणार नाहीत हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं.

सत्यभामा त्या संध्याकाळी दिवस मावळायच्या आत सोळा घरं फिरली. पत्रा नाही तर मातीचं माळवद घालू, असं तिचं म्हणणं होतं. तुरी निघाल्या आहेत, तुराट्या प्रत्येकाच्या खळ्यावर आहेत, पांढरी माती गावकुसाला आहे. कोष्टी म्हणाला दोन दिवस माग बंद ठेवतो. धनगराची म्हातारी म्हणाली माणसं नाहीत, पण चार गाढवं आहेत, माती वाहायला न्या. अडचण तुळयांची होती. लांब, सरळ लाकूड कुणाकडं नव्हतं.

उत्तरेश्वरकडं होतं. कडुलिंबाच्या दोन तुळया त्यानं तीन वर्षं गोठ्यात आडव्या टाकून, तेल लावून ठेवल्या होत्या. घराला आणखी एक खण काढायचा होता. सत्यभामानं त्या तुळयांचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घमेलं घेऊन मठात पोचली तर उत्तरेश्वर गाडीतून तुळया उतरवत होता. डाव्या बैलाचा खांदा बरा नव्हता म्हणून त्या बाजूला जुवाखाली त्यानं गोधडीची घडी घातली होती.

"अशी बघतीस काय," तो म्हणाला. "त्या पोरीनं चार मान्सांत अप्पांना सांगितलं, आन् म्या दुकानापुढं उभा राहून व्हय व्हय करून आलो. धर तिकडनं."

कामाला सुरुवात झाली तेव्हा पंधरा माणसं होती. दगडाचे खांब मूळचेच होते, त्यांच्यावर तुळया चढवताना कोष्ट्याची बोटं चेमटली. त्यानं चिंधी बांधली आणि पुन्हा खांदा दिला. तुळयांवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या, त्यांच्यावर तुराट्या दाट अंथरल्या. बायका चिखल तुडवत होत्या. पौषातलं सकाळचं पाणी, पाय पोटऱ्यांपर्यंत बधिर व्हायचे, टाचांच्या भेगांतून रक्त यायचं आणि चिखलात कुणाला दिसायचं नाही. तिसऱ्या दिवशी धुळाप्पा नावाचा लिंगायत शेतकरी आपली गाडी घेऊन आला. त्याची दोन पोरं शाळेत होती. तो कुणाशी काही न बोलता पांढऱ्या मातीच्या खेपा टाकायला लागला. त्याला बघून आणखी चौघे आले. चौथ्या दिवशी मास्तरांनी धोतराचा काचा मारला आणि घमेलं उचललं. त्यांना ते जमत नव्हतं, अर्धी माती अंगावर सांडायची. पोरं हसली तरी ते थांबले नाहीत.

सहाव्या दिवशी वर माती टाकून लाकडी धुम्मसानं ठोकून बसवायचं काम चाललं होतं. तेव्हा वीरप्पांची आई शरणम्मा काठी टेकत आली. सत्तरीच्या पुढची, घराबाहेर क्वचित पडणारी बाई. तिच्या दोन बाजूंना वीरप्पांच्या दोन नाती होत्या. तिला बघून सगळ्यांचे हात थांबले. शरणम्मानं वर ठोकणाऱ्या बायांकडं पाहिलं, मग सत्यभामाला खाली बोलावलं.

मठाच्या शाळेत लिंगायतांची एकही मुलगी नव्हती. गावातून तेव्हा मथुरा आणि कोष्ट्याची एक, दोघीच मुली बसायच्या.

"लिंग हाय म्हणून आत सोडत्यात, न्हाय म्हणून हाकलत्यात," शरणम्मा म्हणाली. "आमच्या ह्या दोघींच्या गळ्यात जल्मल्यापासनं लिंग हाय. यांना कुनी शाळंत बोलावलं न्हाय. माझं तर आयुष्य गेलं. धर्माची वचनं सगळी पाठ हायेत, पन अक्षर दाखवलं तर काळं निळं दिसतं. तुझ्या पोरीसंगं बसव यांना."

सत्यभामाचे हात चिखलानं भरले होते. तिनं ते पदराला पुसले आणि दोन्ही मुलींना मास्तरांकडं नेलं. शरणम्मा घरी गेली नाही. तिथंच बाजेवर बसून राहिली आणि कुठं माती कमी पडलीय ते काठीनं दाखवू लागली.

वीरप्पांना ते तासाभरात कळलं. ते त्या दिवशी आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. आठव्या दिवशी सकाळी त्यांची गाडी मठापुढं उभी राहिली. गाडीत पत्रे नव्हते, चुन्याची पोती होती. माळवदाच्या कडेला चुना मारला नाही तर पहिल्या पावसाला पाणी झिरपेल, एवढंच ते म्हणाले. उत्तरेश्वरनं पोतं उचलायला हात लावला. दुसरं टोक वीरप्पांनी धरलं.

साहेब नवव्या दिवशी टांग्यातून आले. उंच, पातळ दाढीचे, शेरवानीवर धुळीचा थर. त्यांच्या मागं पेटी घेतलेला शिपाई. ओसरीवर आणि नव्या सोप्यात साठ पोरं ओळीनं बसली होती, पुढच्या ओळीत चार मुली. गावातली निम्मी माणसं भिंतीबाहेर उभी होती. साहेबांनी वर छताकडं पाहिलं, छडीनं तुळई ठोकून पाहिली. हे कधी बांधलं म्हणून विचारलं. याच आठवड्यात, मास्तर म्हणाले. साहेबांनी पोरांना हिशेब घातले, वाचायला लावलं. मथुराला त्यांनी सोळा गुणिले बारा विचारलं. तिनं ओठांतल्या ओठांत मोजून उत्तर दिलं आणि ते बरोबर आलं. कोष्ट्याचा पोरगा अडखळला, साहेबांनी त्याला पुन्हा वेळ दिला.

मग त्यांनी पट समोर ओढला आणि वीरप्पांकडं वळले. शाळा मठाची, पंच तुम्ही. इथं मजहबी तालीम, म्हणजे धर्माचं शिक्षण, देता का, असं त्यांनी उर्दूत विचारलं. खोटं बोलावं तर मठ डोळ्यांपुढं, खरं बोलावं तर साहेब काय अर्थ काढतील कुणाला ठाऊक.

वीरप्पांनी उपरणं सारखं केलं. "देतो साहेब," ते म्हणाले. "घंटंच्या आधी, मठात. ज्याला यायचं तो येतो. घंटा झाली की हिशेब आन् वाचन. त्यात कुनाचा देव आडवा येत न्हाय."

साहेबांनी भुवया उचलल्या. त्यांनी पटावर बोट फिरवत विचारलं, "इसमें आपके कितने, और गैर कितने?"

वीरप्पांची नजर पोरांवरून फिरली. पहिल्या ओळीत त्यांच्या दोन्ही नाती होत्या, मध्ये मथुरा, तिघींनी मिळून एकच पाटी धरली होती. बाहेर भिंतीशी त्यांची आई काठीवर हनुवटी टेकून त्यांच्याकडं बघत होती.

"साठ हायेत साहेब," वीरप्पा म्हणाले. "तसं वेगळं आमी मोजत न्हाय."

साहेबांनी पटावरचं बोट उचललं. मग त्यांनी शिपायाकडून दौत मागवली, पटाच्या शेवटच्या पानावर सही केली आणि परवानगी पाच वर्षांची लिहिली. पूर्वी ती दर वर्षाची असायची. मास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि पट घेऊन आत अप्पांना सांगायला गेले. भिंतीबाहेर धुरपताबाईनं शेजारणीला विचारलं, काय झालं, आणि शेजारणीलाही नीट सांगता येईना, ती नुसती हसत राहिली. आतून स्वामींनी निरोप धाडला की पोरांना गूळ वाटा. वीरप्पांनी ढेप फोडली आणि धुळाप्पानं वाटली. उत्तरेश्वरनं स्वतःचा खडा तोंडात टाकला. त्याच्या दाढीला अजून चुना लागलेला होता.

फाल्गुनात ज्वारी काढायला आली. ताटं पुरुषभर उंच, कणसं मुठीत न मावणारी. काढणीला माणूस कमी होतं, तरी मथुराला कुणी रानात बोलावलं नाही. एके सकाळी सत्यभामा पात धरून ज्वारी उपटत होती. हाताची सालटं निघाली होती, अंगाला ज्वारीची कूस खाजत होती. बांधावर तीन बाया येऊन उभ्या राहिल्या. पलीकडच्या वाडीच्या होत्या, डोक्यावर पदर, कडेवर एकेक लेकरू. त्यातली एक शिवम्मा नावाची, दुसरी तिची जाऊ. तिसरी एक मांगीण होती, ती दोन पावलं मागं थांबली होती. शाळेचं विचारायला त्या मठात न जाता, शेटजींकडं न जाता, वाट विचारत रानात आल्या होत्या.

शिवम्मानं विचारलं की आमच्या पोरी घेतील का. सत्यभामानं मूठभर ताटं खाली टाकली आणि कंबर सरळ केली. तिनं मागं उभ्या असलेल्या बाईला हात करून पुढं बोलावलं. ती बाई पुढं आली, पण मान खालीच ठेवून. तिनं हळू आवाजात विचारलं,

"आमाला काय काय आनावं लागंल?"

सत्यभामा तिच्या चेहऱ्याकडं बघत म्हणाली, "सोमवारी आना. पाटी आसंल तर आना, नसंल तर माझ्या पोरीची हाय. बाकी कायबी लागत न्हाय."